बेड नंबर एक निळा होता

३ मार्च, सोमवार

ताई,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. समोर असतीस तर टपली मारली असतीस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचत नाहीत. परवा दारात आलो तर भावोजी चप्पल घालून मला खाली गेटपर्यंत सोडायला आले, पाहुण्याला सोडतात तसे. म्हणून पोस्टानं लिहितोय. ऑफिसात एकाकडेही साधं पाकीट निघालं नाही, खालच्या दुकानातून आणावं लागलं.

मुद्द्याचं लिहितो. हॉस्पिटलनं तुला जो कागद दिलाय त्यावर सही करून टाक. 'माझं लक्ष नव्हतं, चूक झाली' एवढंच त्यात आहे. सही केलीस तर सहा महिने घरी बसवतील आणि प्रकरण मिटेल, असं मेट्रनबाई मला स्वतः म्हणाल्या. नाही केलीस तर २८ तारखेला नर्सिंग कौन्सिलपुढे सुनावणी. तिथे नोंदणीच रद्द झाली तर एकवीस वर्षांची नोकरी एका सकाळी संपली. मग तुला कुणी साधी मलमपट्टीही करू देणार नाही.

आणि खरं सांगायचं तर तूही मनगटावरचा टॅग पाहिला नव्हतास. बेड एकचे आजोबा झोपले होते, त्यांना उठवायला नको म्हणून हात पांघरुणाबाहेर काढला नाहीस, हे तूच सांगितलंस. बेड बाराचं साखर उतरवणारं इंजेक्शन बेड एकच्या माणसाला गेलं, आणि त्या माणसाला साखरेचा आजारच नव्हता. हे काही मी तुला नव्यानं सांगायला नको.

तू एकच धरून बसली आहेस, की टॅबवर माझ्या अॅपच्या यादीत बेड नंबर एक निळा होता. अगं, नोंदीत साफ दिसतंय की त्या वेळी टॅबवर बेड बाराचं पान उघडं होतं. बाराचं पान उघडं असताना यादीत एक कसा निळा होईल? सगळ्यांसमोर करून दाखवलं ना मी. गेल्या महिन्यात पंचवीस तारखेला दुपारी मी यादीत एक बारीकशी दुरुस्ती केली होती, पण तिचा याच्याशी काही संबंध नाही. उगाच कुणी विचारलं तर तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

सही कर. हट्ट सोड.

तुझा,
बुटक्या


९ मार्च, रविवार

ताई,

भावोजी मंडईत भेटले. मी त्यांच्या पिशवीतली कोथिंबीर धरून उभा राहिलो, म्हणजे त्यांना जाता येईना. म्हणाले, "पत्र आलंय. तिनं उघडलं नाही. फेकलंही नाही. शिलाई मशीनच्या खणात ठेवलंय." मी विचारलं, काही बोलली का? तर म्हणाले, "मशीन झाकून ठेवलं, एवढंच."

म्हणजे हेही तू वाचणार नाहीस. मग मला लिहायला हरकत नाही.

मी काल आजोबांना बघायला गेलो. आता त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय. तुझ्या वॉर्डात होते तेव्हा म्हणे दुसऱ्या दिवशी घरी जाणार होते, छातीतला कफ सुटला होता, नर्सांच्या हातातली घड्याळं काढून घेऊन वेळ बरोबर करून देत होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता डोळे उघडे असतात. त्यांची मुलगी चमच्यानं पाणी पाजते आणि ते हनुवटीवरून खाली येतं. तिनं मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, कॉम्प्युटरचं बघतो. तिला वाटलं खोलीतलं मशीन बघायला आलोय. सरकून जागा दिली तिनं. मी त्या मशीनची वायर उगाच हलवून बाहेर आलो.

जिन्यात बसलो होतो तेव्हा बाबांचा चष्मा आठवला. मी त्यावर बसलो होतो, आणि तू म्हणालीस, माझ्या हातून पडला. आठ दिवस तुझं खेळणं बंद. मी खिडकीतून तुला बघत आत एकटा गोट्या खेळत होतो. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, ताई. सुटलो असं वाटलं होतं.

समजा त्या यादीत खरंच काही गडबड असती तर? समजा म्हणतोय. तरी टॅग न पाहिल्याची चूक उरतेच ना?

हे वाक्य खोडायला हवं. राहू दे. वाचणार थोडीच आहेस.

बुटक्या


१४ मार्च, शुक्रवार

ताई,

सांगतो. आज सगळं सांगतो. चार दिवस जेवण जात नाहीये, आणि तुझी भावजय सारखी विचारते आहे, "झालंय तरी काय तुला?"

तू पहिलीत मला वाचायला शिकवलंस. ओळीखाली बोट ठेवायचं, आणि बोट सोडायचं नाही. सोडलं की मी वरच्याच ओळीवर पुन्हा जायचो. अॅपमधली निळी पट्टी म्हणजे तेच बोट. डावीकडे बेडची यादी असते. तू ज्या बेडचं पान उघडलंस त्याचं नाव निळं व्हायचं, म्हणजे आपण कुठे आहोत हे बघणाऱ्याला कळतं. बाकी काही काम नाही त्या पट्टीचं.

ते निळं करायचं कसं हे कोडमधल्या एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ माझी आहे. प्रत्येक पानाला पत्ता असतो. बेड एकच्या पानाचा पत्ता 'वॉर्ड/बेड/१'. त्याच्या आत औषधांचं पान, तपासण्यांचं पान, त्यांचे पत्ते त्याच्यापुढे लांबतात. आतल्या पानावर गेलं तरी बेडचं नाव निळं राहायला हवं. म्हणून मी लिहिलं, चालू पत्त्याची सुरुवात या नावाच्या पत्त्यासारखी असेल तर नाव निळं कर. सुटसुटीत काम. कंपनीतल्या माझ्या भागीदारानं पाठ थोपटली होती.

आता 'वॉर्ड/बेड/१२' लिहून बघ. त्याची सुरुवात कशी होते?

बाराचं पान उघडलं की बाराही निळा व्हायचा आणि एकही. तुमच्या वॉर्डात दोन वर्षं नऊच बेड होते, म्हणून हे कुणाला कधी दिसलंच नाही. जानेवारीत तीन वाढवले. दहा, अकरा, बारा. मी त्यांची नावं यादीत घातली, चहा प्यायलो, घरी गेलो.

ट्रॉलीवरचा टॅब लहान. त्यावर यादीतली पहिली सात-आठ नावंच दिसतात, पुढची बोटानं वर सरकवावी लागतात. आधीच्या ड्युटीची सिस्टर बाराचं पान उघडं ठेवून गेली. तू टॅब हातात घेतलास. समोर औषधं बाराची, आणि डावीकडे दिसणाऱ्या नावांत निळं एकच, बेड नंबर एक. तू तेच पाहिलंस. तू सांगितलंस ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पंचवीस तारखेला. तू घाबरून फोन केला होतास, "बुटक्या, एक निळा होता रे, मी बघितलं, तू जरा बघ ना." मी बघितलं. पाच मिनिटांत सापडलं. उठून बेसिनपाशी गेलो. मग परत येऊन बसलो आणि दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी ती ओळ बदलली. पूर्ण पत्ता जुळला, किंवा त्याच्यापुढे लगेच तिरकी रेघ आली, तरच निळं. कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. संध्याकाळी तुला म्हणालो, सगळं ठीक दिसतंय.

दोन दिवसांनी चौकशीला तोच टॅब आणला, मी बाराचं पान उघडलं, आणि एक निळा झाला नाही. होणार कसा? डॉक्टरांनी विचारलं, "असं होऊ शकतं का?" आणि मी म्हणालो, "नाही, असं होऊ शकत नाही." तू माझ्याकडे बघत होतीस. रागानं नाही. मी तुझ्याकडे न बघता एका हातानं टॅबची काच पुसत होतो.

अजून एक आहे. पानाच्या वर पेशंटचं नाव मोठ्या अक्षरात असायचं. डॉक्टरांना औषधांचा तक्ता मोठा हवा होता, म्हणून मी ते काढून टाकलं. तेव्हा तू म्हणाली होतीस, "नाव वर असू दे रे. घाईत डोळा आधी वर जातो." मी हसलो होतो. म्हणालो, निळी पट्टी आहे ना ताई, तुम्ही नर्स लोक फार घाबरट. हे काम मला तुझ्या शब्दावर मिळालेलं. मेट्रनबाईंना तू सांगितलं होतंस, माझा भाऊ करून देईल, चोख करतो.

उघड ना हे पत्र. एकदा तरी उघड आणि ये माझ्या घरी आणि मार मला.

बुटक्या


२० मार्च, गुरुवार

ताई,

भागीदाराला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तो उठून दार लावून आला आणि अगदी हळू म्हणाला, "आणखी कुणाला सांगितलंस?" मी म्हणालो, कुणाला नाही. तुला लिहिलेली पत्रं धरली नाहीत, कारण ती तू वाचत नाहीस.

तो म्हणाला, "दुरुस्ती झाली ना? मग विषय संपला. तुझ्या ताईला सही करू दे. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. आपण बोललो तर आठ हॉस्पिटलांतली कामं गेली, अकरा माणसं घरी गेली." हे सगळं तो चहा ढवळत बोलत होता. मी मान हलवत होतो, ताई. अर्धा तास मला ते पटतही होतं.

आमच्या धंद्यात कोडची जी ओळ बदलते तिची नोंद राहते. कुणी बदलली, कधी बदलली, आधी काय होतं, सगळं. काल मी ऑफिसच्या कोडच्या साठ्यात ती नोंद पाहायला गेलो. नाहीये. जानेवारी ते मार्चपर्यंतचं सगळं एकत्र गुंडाळून एकच नवी नोंद करून ठेवली आहे, भागीदाराच्या नावानं. 'साफसफाई' असं तिथे लिहिलंय. आणि आज सकाळपासून माझा पासवर्ड चालेनासा झालाय.

माझ्या लॅपटॉपवर नोंदींसकट जुनी प्रत आहे. ती मी पुसली नाही. सोमवारी एकदा पुसायला बसलो होतो, हे मात्र तुझ्यापासून लपवत नाही. बोट बटनावर होतं.

भावोजींना फोन केला. म्हणाले, सही केली नाहीस. वकीलही नको म्हणालीस. २८ ला एकटीच जाणार आहेस. तिथे जाऊन काय सांगणार, विचारलं तर म्हणाले, "एक निळा होता, एवढंच सांगणार म्हणते."

ताई, एवढ्यानं नाही भागणार गं. ते तुला खोटी ठरवतील. मीच ठरवून ठेवलंय तुला खोटी.

बुटक्या


२७ मार्च, गुरुवार

ताई,

हे उद्या तुला पोचणार नाही, तरी लिहितोय.

हॉस्पिटलच्या वकिलाचा फोन आला होता. फार गोड बोलतात. म्हणाले, "तुम्ही सख्खे भाऊ. आलात तरी बहिणीसाठी खोटं बोलताय असंच सगळे म्हणणार. उगाच स्वतःचं नुकसान का करून घेता?" त्यांचं काहीच चुकत नाही. खरं सांगायची वेळ होती तेव्हा मी कंपनीचा माणूस म्हणून बोललो, आणि सगळ्यांनी मानलं. आता भाऊ म्हणून बोललो तर कोण मानेल?

दुपारी तापाची गोळी घेतली. ताप नव्हता. यावा असं वाटत होतं. तुझ्या भावजयीनं ते पाहिलं. तिला कालच सगळं सांगितलंय. ती इस्त्री करत होती, मान वर न करता म्हणाली, "उद्या तू जातोस की मी जाऊन सांगू?" शर्ट खुर्चीवर टांगून ठेवलाय. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. बाबा गेले तेव्हाही नाही, कारण तेव्हा तू होतीस.

जाणार आहे. हे लिहून ठेवतो म्हणजे फिरता येणार नाही.

बुटक्या


३० मार्च, रविवार

ताई,

तू तिथे होतीस, तरी मला ते एकदा लिहून काढायचंय.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. का ते तुला ठाऊक आहे. खोटं बोलताना मी कानाची पाळी ओढतो, आणि खरं बोलतानाही हात तिकडे गेला तर, याची धास्ती होती. सगळं सांगितलं. जुनी प्रत लावून बाराचं पान उघडलं आणि टॅब अध्यक्षबाईंच्या हातात दिला. बेड नंबर एक निळा होता. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, शेजारच्यांना दाखवलं. मला वाटलं, झालं.

मग वकील उठले. "सख्खे भाऊ आहात ना?" हो. "ही प्रत तुमच्याच लॅपटॉपवरची?" हो. "त्यातली तारीख आणि वेळ तुम्हाला हवी तशी घालता येते?" ताई, येते. मी काय सांगणार? म्हणालो, येते. "म्हणजे हे सगळं तुम्ही कालही तयार केलेलं असू शकतं." असू शकतं, मी म्हणालो. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि तेही कामी येईना.

तेव्हा तू पिशवी उघडलीस.

रबरबँड लावलेली चार पाकिटं. टेबलावर ठेवून तू म्हणालीस, "यानंच पाठवलेली आहेत. आत काय आहे मला माहीत नाही. पोस्टाचे शिक्के बघून घ्या."

अध्यक्षबाईंनी शिक्के पाहिले, पाकिटं उलटसुलट केली, वकिलांना चिकटवलेली कड दाखवली आणि पेनानं पहिलं फाडलं. तीन मार्चचं. मोठ्यानं वाचलं. 'सही करून टाक.' 'हट्ट सोड.' 'तूही मनगटावरचा टॅग पाहिला नव्हतास.' माझंच पत्र, माझ्याच तोंडावर, आणि तूही ते पहिल्यांदाच ऐकत होतीस. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. मग ते वाक्य आलं, पंचवीस तारखेच्या दुपारच्या बारीकशा दुरुस्तीचं. बाई थांबल्या. ते पुन्हा वाचलं. वकिलांकडे पाहून म्हणाल्या, "हे तीन मार्चला लिहिलंय. बहिणीला वाचवायला नाही, अडकवायला लिहिलंय." वकील खाली बसले.

मग चौदाचं वाचलं. बारा चाळीस. लॅपटॉपवरच्या नोंदीशी ताडून पाहिलं.

बाईंनी तुला विचारलं, "तुम्ही ही उघडली का नाहीत? इतके दिवस?"

तू माझ्याकडे न बघता उत्तर दिलंस. "हा धाकटा आहे माझा. चौकशीच्या दिवशी हा कान ओढत होता, तेव्हाच कळलं मला. पत्रं उघडली असती तर यानं रडून लिहिलेलं असणार, आणि मला राहवलं नसतं. त्या कागदावर सही करून मोकळी झाले असते. लहानपणापासून तेच करत आले, बाई. या वेळी मधे एक माणूस होता."

टॅग न पाहिल्याबद्दल तुला लेखी ताकीद आणि नोंदणी कायम, हे त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा मी ऐकत नव्हतो. नंतर भावोजींनी सांगितलं. आमच्या कंपनीची वेगळी चौकशी बसणार आहे. भागीदारानं मला मेल पाठवलाय, तो मी उघडला नाही. बघ, तुझंच शिकलो. हॉस्पिटलनं अॅप बंद केलंय. वॉर्डात पुन्हा खाटेच्या पायथ्याशी कागद अडकवलेत, आणि प्रत्येकावर वर जाड पेनानं पेशंटचं नाव आहे.

आजोबांची मुलगी बाहेर बाकावर होती. उघड्या दारातून तिनं सगळं ऐकलं होतं. मला ओळखलं तिनं, मशीनवाला म्हणून. म्हणाली, "म्हणजे एका ओळीमुळे?" मी हो म्हणालो. तिनं मांडीवरचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मला तिच्या पाया पडायचं होतं, पण तेवढाही हक्क आपल्याला नाही असं वाटलं. आजोबा तसेच आहेत. त्यांच्यासाठी त्या खोलीत काहीच बदललेलं नाही, आणि हे मी कुठल्याही दुरुस्तीनं भरून काढू शकत नाही.

तू जिन्यावरून उतरत होतीस. मी कठड्याला टेकून उभा होतो. 'ताई' अशी हाक मारणार होतो, पण त्याआधीच हात आपोआप कानाकडे गेला. तू माझ्यापाशी आलीस. थांबली नाहीस, पायरीही चुकली नाही. जाता जाता म्हणालीस, "कान सोड."

मी सोडला.

काही मागायचं नाहीये. तू बोलावंस म्हणून लिहिलेलं नाही हे. फक्त या वेळी मी पाकीट चिकटवलेलं नाही. नुसतं मिटून पाठवतोय. शिलाई मशीनच्या खणात ठेवलंस तरी ते उघडंच राहील.

बुटक्या